नामंजूर काकांचा नकाशा

तो नकाशा मी काढला होता.

हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. देवापुढे उभा राहिलो तरी या वाक्याला वळसा घालूनच पुढे गेलो. याला चाळीस वर्षं झाली. ज्यांच्या नावावर तो कागद लागला, त्यांची नोकरी गेली, क्वार्टर गेलं, चार माणसांत उठणं-बसणं गेलं. ते आता नाहीत, म्हणून मी लिहितो आहे. यात हिंमत काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

फॅक्टरीत त्यांना सगळे नामंजूर काका म्हणत. आमच्या फॅक्टरीत काय बनायचं ते इथे लिहिणार नाही; जबलपुरात अशी नोकरी केलेल्या माणसाची ही सवय पेन्शनीतही जात नाही. काका तिथे माळ्यांचे मुकादम होते. मूळचे वरूडकडचे, संत्र्याच्या कलमांत वाढलेले. ठेंगणे, काळेसावळे, खाकी अर्धी चड्डी, आणि डोक्याला ओला पंचा. त्यांचा रजेचा अर्ज एकदा वरून ‘नामंजूर’ असा शेरा मारून परत आला. माणसाने चिडावं, तर यांना तो शब्दच आवडला. तेव्हापासून कँटीनचा चहा नामंजूर, नवा फावडा नामंजूर, माळ्याने आणलेली सबब नामंजूर. आवाज चढवत नसत. डॉक्टरने नाडी सोडून द्यावी तसा हातातली वस्तू खाली ठेवून तो शब्द म्हणत, आणि मग त्यावर अपील नसे.

मी तेव्हा इस्टेट ऑफिसात नवा कारकून. वय एकवीस, नोकरी कच्ची. बागेच्या कामाचे कागद माझ्याकडे आले, म्हणजे काका माझ्याकडे आले. त्या वर्षी आमच्याकडे एक मोठे साहेब बदलून आले होते. आधी पहाडात होते, आणि तिथल्यासारखी ओकच्या झाडांची रांग त्यांना गेटपासून वरच्या टाकीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना हवी होती. काकांनी समोर उभं राहून सांगितलं, की पहाडातला ओक इथल्या उन्हात टिकायचा नाही. सिल्व्हर ओक लावा, पचमढीला आहे तो. नावापुरताच ओक, पण सरळ वाढतो. साहेबांना नाव पुरलं. एकशे चाळीस रोपांचा हुकूम निघाला, आणि पनागरच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून ती आणायचं काम काकांच्या आणि माझ्या गळ्यात पडलं.

मला वाटलं, एक ट्रक, एक फेरी, संपलं. पहिल्या दिवशी सकाळी नऊला पोचलो आणि दुपारी तीनपर्यंत काकांनी एकवीस रोपं पसंत केली. त्यांची रीत अशी: रोपाचं खोड दोन बोटांत धरून पंजा मातीवर दाबायचा, डबा उलटा करायचा, दगडावर एक टिचकी, की मातीचा अख्खा गोळा हातात. मग तो गोळा डोळ्यांजवळ नेऊन मुळं बघायची. पानांकडे ढुंकून नाही. मुळं डब्याच्या तळाशी गोल-गोल फिरलेली दिसली की रोप परत डब्यात. पुरुषभर उंचीची, पाहताच डोळे निवावेत अशी रोपं त्यांनी बाजूला सारली आणि गुडघ्याएवढी किडकिडीत उचलली. मी म्हटलं, काका, साहेबांना सावली हवी आहे, हे केव्हा वाढायचं? तर म्हणाले,

“याले डब्याची सवय लागली बाबू. जमिनीत गेलं तरी हे डब्यातच राहीन. पाच-सहा वर्षं उभं दिसन, मंग एका वाऱ्यात पडन.”

ट्रकचा ड्रायव्हर बॉनेटवर पाय पसरून बसला होता. त्याने मला हाक मारून विचारलं, “बाबूजी, पेड़ ले रहे हैं कि लड़की देख रहे हैं?” नर्सरीचे मालक, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, ते तर हातच जोडून होते. पंधरा वर्षं सरकारी खात्यांना माल दिला, पण माझ्या रोपाची चड्डी उतरवून बघणारा हा पहिलाच, असं ते म्हणाले. काका हसले नाहीत. पुढचा डबा उलटा केला. नामंजूर.

अशा पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीनंतर मी मोठ्या बाबूंसमोर उभा राहून उशिराचा खुलासा लिहायचा. पसंत केलेल्या रोपाच्या ज्या अंगाला नर्सरीत ऊन लागत होतं, त्या अंगाला काका तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका लावत. रोप जमिनीत लावताना तो ठिपका उन्हाच्याच बाजूला यायला हवा, नाहीतर साल भाजते म्हणे. माळ्याने खड्ड्यात रोप उलटं फिरवलं की काका ते पुन्हा काढायला लावत. पाऊस दारात, साहेबांचा फोन ऑफिसात, आणि हा माणूस ठिपक्याकडे बघत चिखलात उकिडवा बसलेला. मला त्यांचा संताप यायचा. खरं सांगायचं तर त्या रागाचं काहीतरी अजून शिल्लक आहे. इतकं बरोबर असण्याची माणसाला गरज काय?

पण दुपारची भाकरी ते माझ्याशिवाय खात नसत. घरी माझी आई नव्हती हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. डब्यात माझ्या वाट्याची भाकरी आणि ठेचा वेगळ्या कागदात बांधलेला असे, आणि तो देताना ते दुसरीकडेच बघत.

नकाशाची गोष्ट श्रावणातली. शंभर रोपं लागली होती. काकांना प्रत्येक झाड तोंडपाठ होतं: कोणतं कुठल्या दिवशी लागलं, कोणाच्या खड्ड्यात पाणी साचतं, कोणाला वाळवी लागली. लिहिणं मात्र सहीपुरतंच. एका रविवारी ते माझ्या क्वार्टरवर आले आणि म्हणाले, की मी काही जन्माला पुरणार नाही. मागून येणाऱ्याला कसं समजावं कोणत्या झाडाला काय दुखणं आहे? एका कागदावर झाडं काढून द्या, नंबर टाकून. “तुमची रेघ सरळ येते, बाबू.”

माझी रेघ सरळ येत असे. शाळेत ड्रॉइंगची परीक्षा पास झालो होतो, आणि कारकुनीत त्याचा उपयोग समास आखण्यापलीकडे नव्हता. मी मोठा कागद आणला, शाई आणली. तीन रविवार बसलो. काका शेजारी बसून नंबर सांगत. नुसती झाडं काढणं मला मिळमिळीत वाटलं. मी रस्ता काढला, भिंत काढली, पाण्याची टाकी काढली, शेड काढल्या आणि त्यांवर त्यांचे नंबर घातले. पावलांनी अंतरं मोजून प्रमाण टाकलं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला. काकांनी चष्मा वर सारून विचारलं,

“शेड काहून काढून राहिले, बाबू? मले झाडंच पायजेत.”

मी म्हटलं, शेडशिवाय झाड सापडेल कसं? त्यांनी शेडच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. पुन्हा म्हणाले, की ते नसतं तर बरं होतं. मी ऐकलं नाही. तो बाण इतका छान जमला होता.

भादव्यात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद, भोंग्याची तालीम, दोन-दोन पाळ्या सलग. कांचघरच्या बाजारात ज्याच्या-त्याच्या तोंडी हेरांच्या गोष्टी. कुणी म्हणे हवाई छत्रीने उतरले, कुणी म्हणे फकिराच्या वेषात फिरताहेत. फॅक्टरीच्या गेटवर एरवी दरबान डब्याचं झाकण उघडून सोडून देत, ते आता चपला काढायला लावू लागले. आत शंभर झाडं अजून कोवळी होती आणि काका रोज तो नकाशा पिशवीत घालून आणत, झाडागणिक फिरत, संध्याकाळी घरी नेत. तो कागद म्हणजे काय आहे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यांच्या डोक्यात झाडं होती. माझ्या डोक्यात, माझं चित्र किती लोकांना दाखवावं, हा विचार होता.

पहिली पाळी सुटायची वेळ. रांगेत मी त्यांच्या मागे चौथा. दरबानाने त्यांच्या पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, चाकू काढला – तो मंजुरीचा होता – आणि मग घडी घातलेला तो कागद. त्याने टेबलावर उलगडला. शेड, नंबर, भिंत, टाकी, बाण. कुणी काढला म्हणून त्याने विचारलं. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, “मेरा है. मैंने बनाया.”

माझी झडती झाली, मी चपला घातल्या, घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सुरक्षेच्या साहेबांनी बोलावलं. इस्टेट ऑफिसातल्या सगळ्यांनाच एकेक करून बोलावत होते. खोलीत काका स्टुलावर बसले होते. साहेब त्यांना झाडांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल विचारत होते: हे कुणासाठी, वरून कुणाला दिसायला? काका म्हणाले, “साहब, धूप के लिए.” साहेबांनी लिहिता-लिहिता मान वर केली आणि पुन्हा लिहू लागले. मग त्यांनी काकांपुढे कोरा कागद ठेवून एक ते दहा लिहायला सांगितलं. काकांनी लिहिलं, चारचा आकडा उलटा, आठ आडवा. नकाशावरचे आकडे छापल्यासारखे होते. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, आता बोला, हे कुणाकडून करून घेतलं?

काका म्हणाले, बाजारातल्या एका माणसाकडून. नाव माहीत नाही.

मग साहेबांनी नकाशा माझ्याकडे फिरवला आणि हे अक्षर ओळखता का, असं विचारलं. टाकीच्या शेजारी मी ‘टाकी’ लिहिलं होतं. माझ्या वेलांटीला एक बाक आहे, तो अजूनही जात नाही. तो बाक मला दिसत होता. काका माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते.

मी म्हटलं, “नहीं साहब.”

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो की मी बोललो असतो तर दोघंही गेलो असतो. ते खोटं आहे. त्या खोलीतच मला कळलं होतं, की मी ‘हे अक्षर माझं’ म्हटलं असतं तर प्रकरण बागेच्या खात्यातल्या दोन मूर्खांचं ठरलं असतं. एका कारकुनाची वेतनवाढ गेली असती, फार तर कच्ची नोकरी गेली असती. पण नाव नसलेला बाजारातला माणूस आला आणि त्याच्या मागे काय-काय उभं करायचं ते करायला सगळे मोकळे झाले. तो माणूस काकांनी माझ्यासाठी उभा केला होता. मी त्याला खरा करून टाकला.

चार दिवस त्यांना चौकशीसाठी ठेवून घेतलं आणि सोडलं. सिद्ध काही झालं नाही, होण्यासारखं नव्हतंच. पण नोकरीवरून कमी केलं आणि आठ दिवसांत क्वार्टर खाली करायला सांगितलं. ज्या दुपारी त्यांचं सामान टांग्यात चढलं, तेव्हा मी त्याच ओळीतल्या माझ्या घरीच होतो. खिडकीला काळा कागद चिकटवलेला होता, त्यामुळे मला काही दिसलं नाही. काकूंचा आवाज तेवढा ऐकला. त्या शेजारणीला म्हणत होत्या, की बाप्पा, यांनी आयुष्यात झाडाशिवाय काही पाह्यलं नाही जी. शेजारणीचं दार लागल्याचा आवाज आला. त्या दिवसांत कुणी बोलत नसे.

उरलेली चाळीस रोपं मी निवडली. एका फेरीत, दोन तासांत. पुरुषभर उंच, भरदार, टाकीपर्यंतची रांग एका दिवसात पुरी. साहेब खूश झाले आणि मला कायम केलं.

काकांना कामावर कोण ठेवणार? ठेवलं ते पनागरच्या भैयाजींनी. इतके दिवस बाहेर उभा राहून माझा माल नामंजूर केलास, आता आत बसून कर, असं म्हणाले म्हणे. मी तिकडे सहा वर्षं फिरकलो नाही. मग एका वैशाखात वावटळ आली आणि टाकीकडच्या रांगेतली झाडं ओळीने आडवी झाली. उरलेलीही कलली होती, ती काढावी लागली. मी जाऊन पाहिलं. मुळांचा गोळा जसाच्या तसा, डब्याच्या आकाराचा, गोल. काकांची शंभर उभी होती.

नव्या चाळीस रोपांचा कागद घेऊन मला पनागरला जावं लागलं. काका वाफ्याशी बसले होते, खूप वाळले होते. मला पाहून म्हणाले, “या बाबू,” आणि माझ्यासाठी रिकामं पोतं झटकून अंथरलं. फॅक्टरीचं काही विचारलं नाही. झाडं कशी आहेत तेवढं विचारलं. मी म्हटलं, चांगली आहेत. ते म्हणाले, मग हे चाळीस कशाले? मी कागद पुढे केला. कोणती गेली, म्हणाले. मी सांगितलं, टाकीकडची.

“ती कोणं निवडली होती?”

“मी.”

त्यांनी हातातला डबा उलटा केला, टिचकी मारली, मुळं पाहिली आणि रोप माझ्या बाजूला ठेवलं. मग दुसरा डबा घेतला नाही. म्हणाले, “सांगितलं ते बरं केलं.” आणि तसेच बसून राहिले, हात गुडघ्यांवर. घाई कसलीच नव्हती. आजूबाजूला कुणी नव्हतं, भैयाजी जबलपुरात ओमतीला गेले होते, ड्रायव्हर झोपला होता. इतकी मोकळी जागा त्यांनी मला करून दिली. माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. आणि मी उठलो आणि ड्रायव्हरला हाका मारू लागलो, की चलो भैया, टाइम हो रहा है. काकांनी मग पुढची एकोणचाळीस रोपं संध्याकाळपर्यंत निवडली. भाकरीची वेळ झाली तेव्हा अर्धी मोडून माझ्यापुढे केली. मला भूक नाही, म्हटलं. त्यांच्यावर चिडलो होतो मी. विचारलं का नाही सरळ, तोंडावर? एकदा विचारलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? आता कळतं, कदाचित म्हटलंही असतं, आणि त्यांनाही ते माहीत असेल.

त्यांचा मुलगा वसंता मॅट्रिकनंतर फॅक्टरीच्या अप्रेंटिसमध्ये निवडला गेला होता. पोलीस चौकशीचा कागद परत आला, त्यात बापाचं जुनं प्रकरण. त्याला घेतलं नाही. तो कागद माझ्या ऑफिसातून गेला, माझ्या टेबलावरून. मी नोंद केली आणि पुढे पाठवला. वसंताने मग नर्सरीतच बापाच्या हाताखाली काम धरलं, आणि भैयाजींनंतर तीच नर्सरी चालवायला घेतली. आजही तीच चालवतो.

काका चार वर्षांपूर्वी गेले. तेराव्याला मी गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली, आणि वसंता माझ्याजवळ येऊन बसला. तो घरी मराठी ऐकतो, बोलतो हिंदीच. चाळिशी ओलांडलेला माणूस, कानाशी पांढरे केस, पण विचारताना आवाज खाली गेला.

“बाबूजी, आप तो तब वहीं थे. सच-सच बताइए. बाबा ने वो नक्शा किसके लिए बनवाया था? मैं किसी से नहीं कहूँगा. मुझे बस मालूम होना चाहिए.”

तेव्हा मला कळलं, की हा मुलगा तीस वर्षं त्या माणसाच्या हाताखाली रोपं उलटी करत आला आणि सगळा वेळ हा प्रश्न पोटात घेऊन. बापाने काहीतरी केलं होतं, एवढं त्याने धरूनच ठेवलं होतं. काय केलं, तेवढंच त्याला हवं होतं. काकांनी त्यालाही सांगितलं नव्हतं. माझं नाव त्यांनी स्वतःच्या मुलापासूनही राखलं, आणि त्याची किंमत अशी, की मुलाने बापावर संशय घेतला.

मी म्हटलं, “मला माहीत नाही रे.”

त्याने मान हलवली. नाही कळलं म्हणून नाही. बापाचा गुन्हा आता नक्की झाला म्हणून.

हे मी मराठीत लिहितो आहे, आणि वसंताच्या घरी मराठी मासिक येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणजे हेही एक प्रकारचं लपणंच झालं. पनागर माझ्या घरापासून बसने तासाभरावर आहे. तिथे जाऊन वसंताला समोर बसवून सांगायचं आहे, की नकाशा माझ्या हातचा होता, शेड मी माझ्या हौसेने काढल्या, तुझ्या बाबांनी नको म्हटलं होतं, बाजारातला तो माणूस कधीच नव्हता, आणि विचारलं तेव्हा मी ‘नहीं साहब’ म्हणालो. एवढं मी त्याचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.